म्हणजेबाईंची भिंत

चौथीच्या बाईंना मुलं पाठीमागे म्हणजेबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची हिंमत एकाचीही नव्हती, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. कुणी काही बोललं की बाईंचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे काय?" एकदा सभेत मुख्याध्यापक म्हणाले, यंदा आपल्याला सर्वांगीण गुणवत्तेवर भर द्यायचा आहे. मागच्या खुर्चीवरून बाईंनी विचारलं, "म्हणजे काय?" मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला.

शाळा दुमजली होती. मागच्या बाजूला खोकी बनवायचा कारखाना अगदी खेटून उभा होता. तिथल्या कटिंग मशीनची धपधप दिवसभर वर्गात ऐकू यायची. नवीन आलेले शिक्षक पहिला आठवडा डोकं धरून बसायचे, मग त्यांनाही सवय व्हायची. बाईंना चोवीस वर्षांची सवय होती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्याच कारखान्यात होते. सुट्टीची घंटा आणि पाळीचा भोंगा एकाच वेळी झाले की नेमकं काय सुटलं ते फाटकातल्या माणसाला कळायचं नाही.

बाईंच्या वर्गाची मागची अख्खी भिंत पुठ्ठ्यांनी भरलेली होती. आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना वहीच्या पानाएवढे पुठ्ठे. एका पुठ्ठ्यावर एक शब्द. परिमिती, बाष्पीभवन, अन्नसाखळी, अंश, छेद, पठार. पुठ्ठे कारखान्यातूनच यायचे, कापून उरलेल्या कडांचे. महिन्याला एक गठ्ठा मॅनेजरसाहेब पाठवायचे. शाळेच्या समितीवर तेच होते आणि बाईंच्या भिंतीचं त्यांना कौतुक होतं.

बाईंच्या या वेडाला कारण होतं. त्या लहान असताना त्यांची आई कपड्यांच्या कारखान्यातून बटणांच्या गोण्या घरी आणायची. दोघी बहिणी शाळेतून आल्या की बटणं निवडायला बसायच्या. दोन भोकांची वेगळी, चारची वेगळी, मग आकार, मग रंग, आणि टवका उडालेली बाजूला. नवव्या वर्षी बाईंचे हात ते काम न बघता करायचे. त्याच वर्षी परीक्षेत प्रश्न आला, खालील वस्तूंचे वर्गीकरण करा. हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी जागा कोरी सोडली, पुढचीही सोडली आणि त्या नापास झाल्या. त्यांच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं, हिच्या डोक्यात भुसा भरलाय. पुढं शिक्षिकेचं शिक्षण घेताना त्या शब्दाचा अर्थ एकदाचा कळला, तेव्हा बाई वसतिगृहाच्या न्हाणीघरात जाऊन रागानं रडल्या. रोज चार तास आपण तेच करत होतो आणि त्याला असं म्हणतात हे एका माणसानं आपल्याला सांगितलं नाही!

तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. गरिबाच्या पोराला माहिती सगळी असते, फक्त तिचं पुस्तकातलं नाव माहीत नसतं. ते नाव त्याच्या हातात दिलं की पोर कुठं अडत नाही. हे त्यांना इतकं पटलेलं होतं की त्यावर कुणी वाद घातला तर त्या चार दिवस त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

पुठ्ठ्याचे नियम कडक होते. वर शब्द. त्याखाली अर्थ, स्वतःच्या भाषेत, पुस्तकातला खपवून घेतला जायचा नाही. मग उदाहरण, आपल्या घरातलं आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. शेवटी कारण. कारण नसेल तर पुठ्ठा परत. "खोटं उदाहरण मला चालत नाही," बाई वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगायच्या, "आणि अर्धवट तर त्याहून चालत नाही." एका पोरानं 'परजीवी' या शब्दाखाली लिहिलं होतं, आमचे मामा, कारण ते दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतात आणि आईलाच बोलतात. बाईंनी पुठ्ठा टांगला. पालकांनी येऊन भिंत बघायच्या दिवशी मामा आले, त्यांनी वाचलं आणि पाय आपटत निघून गेले. बाई पुढं कित्येक दिवस ते आठवून हसायच्या. मामा गेल्यावर घरात त्या पोराचं काय झालं, हे विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी वर्गात टाचणी होती. बारीक, काटकुळी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिचे बाबा मागच्या कारखान्यात मशीनवर होते. ती बोलायचीच नाही. वाचता यायचं, पण प्रश्न विचारला की नजर जमिनीत जायची. मुख्याध्यापक म्हणाले, हिला एक वर्ष मागं ठेवू. मागं ठेवायचं म्हटलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मला वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. रोज मधल्या सुट्टीत त्यांनी टाचणीला जवळ बसवून घेतलं. एका दिवशी एक शब्द. गोठणं शिकवायला डब्यातलं घट्ट झालेलं तूप दाखवलं. उतार शिकवायला जिन्याच्या कठड्यावरून खडू सोडला. चार महिन्यांत पोरगी हळू आवाजात का होईना, पण उत्तरं द्यायला लागली. पुठ्ठा मात्र तिचा एकही झाला नव्हता. घरातलं उदाहरण म्हटलं की गाडी अडायची.

मध्ये आठ दिवस ती आलीच नाही. तिच्या बाबांच्या हाताला लागलंय, असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं. घरी लाकूड फोडताना म्हणे. बाई तेव्हा वह्या तपासत होत्या. त्यांनी अरेरे म्हटलं आणि पुढची वही उघडली.

टाचणी परत आली तेव्हा विज्ञानात बदलांचा धडा चालू होता. परिवर्तनीय बदल आणि अपरिवर्तनीय बदल. बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. कागद जळला की त्याची राख होते, राखेचा पुन्हा कागद होत नाही. बाईंनी खरोखरच कागद जाळून दाखवला आणि म्हणाल्या, "आता घरचं उदाहरण. अपरिवर्तनीय. कोण देतं?"

टाचणीनं हात वर केला. वर्षात पहिल्यांदा.

"बाबांची बोटं तुटली," ती म्हणाली. "परत येत नाहीत."

सगळी पोरं वळून तिच्याकडं बघायला लागली. बाईंनाही वाईट वाटलं. पण त्याच क्षणी त्यांच्यातली शिक्षिका आनंदानं उठून बसली, हेही तितकंच खरं. उदाहरण अचूक होतं. पोरीला शब्द कळला होता.

"शाबास," बाई म्हणाल्या. "आणि कारण?"

टाचणी बोलेना. बाई थांबल्या. थांबायचं कसं हे त्यांना चांगलं माहीत होतं, चोवीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. मुलाकडं रोखून बघायचं नाही, घाई करायची नाही, आणि त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचं नाही. शेवटी मूल बोलतंच.

"जाळी नव्हती," टाचणी म्हणाली.

"कसली जाळी?"

"मशीनवरची. काढून ठेवली होती."

"का बरं काढली होती?"

"जाळी असली की हात हळू चालतो. साहेबांनी काढायला लावली. सगळ्यांच्याच काढल्या."

"तिला संरक्षक जाळी म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. "संरक्षक म्हणजे?"

"राखण करणारी," टाचणी म्हणाली.

बाईंनी तिला पुठ्ठा दिला आणि जाड काळं पेन दिलं. तिनं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं. अपरिवर्तनीय बदल. जे झालं ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही तो बदल. उदाहरण, माझ्या बाबांची चार बोटं तुटली. कारण, साहेबांनी कटिंग मशीनवरची संरक्षक जाळी काढून ठेवायला लावली होती. बाईंनी एक वेलांटी सुधारली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पुठ्ठा भिंतीच्या मधोमध लागला.

घरी आल्यावर बाईंनी ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणजे थोरली बहीण. दोघीही बिनलग्नाच्या, एकत्र राहणाऱ्या. ताई घरी शिवणकाम करायची. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"आणि तो कारखानेवाला काय म्हणेल गं?"

"तो कशाला काय म्हणेल? विज्ञानाचं उदाहरण आहे ते."

"तुझी ना कमाल आहे," ताई म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. बाईंना वाटलं, हिला शिक्षणातलं काय कळतं.

भिंत बघायचा दिवस पुढच्याच आठवड्यात होता. पालक आले, समितीची माणसं आली. मॅनेजरसाहेब इस्त्रीच्या शर्टात, हात मागं बांधून, एकेक पुठ्ठा वाचत पुढं सरकत होते. मधोमध आल्यावर ते थांबले. त्यांनी पुठ्ठा वाचला, परत वाचला, खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला.

"ही मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

आणि बाईंनी काय करावं? त्यांनी अभिमानानं टाचणीला खांद्याला धरून पुढं आणलं. "चार महिन्यांपूर्वी ही तोंड उघडत नव्हती," त्या म्हणाल्या. "बाळा, साहेबांना वाचून दाखव." टाचणीनं वाचलं. मोठ्यानं, न अडखळता, 'संरक्षक' मधला क्ष अगदी सफाईनं म्हणत. दाराजवळ तिची आई उभी होती. ती भिंतीला टेकली, आणि मग तिथून निघूनच गेली. बाईंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, आईला भरून आलं असेल.

"छान," मॅनेजरसाहेब म्हणाले. "फार शुद्ध बोलते." त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या पुठ्ठ्याकडं गेले.

चौथ्या दिवशी टाचणीची आई शाळा सुटल्यावर वर्गात आली. बाकावर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली,

"बाई, यांना गेटवर वॉचमन म्हणून घेणार होते. एक तारखेपासून. आता नाही म्हणाले."

"का?"

"घरी लाकूड फोडताना लागलं, असं आम्ही अंगठा देऊन लिहून दिलं होतं. तेव्हाच गेटची नोकरी कबूल केली होती त्यांनी. आता साहेब म्हणतात, एकीकडं लिहून देता आणि दुसरीकडं पोरीच्या हातून भिंतीवर पाट्या लावता."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "पण मग तिला सांगून ठेवायचं ना!"

"सांगितलं होतं की. कुणीही विचारलं तर घरी लागलं म्हणून सांग. शेजारणीला तिनं तसंच सांगितलं. माझ्या भावालाही तसंच. पण तुम्ही विचारलंत. तुम्हाला खोटं चालत नाही म्हणाली."

ती आरडाओरडा करत नव्हती. तिनं केला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"आपण तक्रार करू," बाई म्हणाल्या. "जाळी काढणं गुन्हा आहे. मी येते तुमच्याबरोबर. मी लिहून देते."

"तुम्ही तक्रार कराल, फार तर तुमची बदली होईल," आई म्हणाली. "आम्हाला कुठं बदलून देणार? त्या हातानं यांना दुसरं कोण ठेवणार? बाई, तुमच्या पाया पडते, ते तेवढं निस्तरा."

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या. चोवीस वर्षं शेजारी राहून आत पहिल्यांदाच. काचेच्या केबिनमध्ये धपधप कमी ऐकू येत होती. रात्रभर मनात घोकलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. वाक्य माझं होतं, मी तिच्याकडून लिहून घेतलं, मुलीचा काही दोष नाही, तसं पत्र मी आत्ता देते.

मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यापुढं चहा सरकवला. "पत्र कशाला, बाई? पत्र दिलं की लपवण्यासारखं काहीतरी होतं असं दिसतं. मला राग आलेलाच नाही. उदाहरण चुकलं, एवढंच. मुलांच्या चुका दुरुस्त करणं हे तर तुमचं रोजचं काम."

"म्हणजे काय?" बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"म्हणजे तिनं स्वतः नवीन लिहावं. स्वतःच्या अक्षरात. तुमचा नियमच आहे ना तसा? शुक्रवारी पुठ्ठे घेऊन माणूस येईल, तो बघून जाईल. मग एक तारखेचं बघू."

बाईंनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "जाळ्या खरंच काढल्या होत्या का?"

"आता बसवल्यात," मॅनेजरसाहेब म्हणाले.

खूप काही बोलता आलं असतं. तेवढे शब्द बाईंकडं नक्कीच होते. पण टाचणीच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि त्या मुकाट्यानं उठल्या. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांना स्वतःची शिसारी आली. सगळ्यात जास्त कशाची आली असेल, तर फळ्यावर 'संरक्षक' लिहितानाच्या आपल्या त्या उत्साहाची. पोरगी नुसतं जाळी म्हणत होती. तिला कोर्टात शोभेल असा शब्द आपणच पुरवला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी टाचणीला जवळ बसवून घेतलं. त्यांनी डबा उघडला, परत बंद केला. "बाळा, तो पुठ्ठा..." त्या म्हणाल्या आणि तिथंच अडकल्या.

"आईनं सांगितलंय," टाचणी म्हणाली. "नवीन द्या."

बाईंनी कोरा पुठ्ठा दिला. टाचणीनं लिहायला घेतलं. जीभ बाहेर काढायची सवय आता गेली होती. हात भरभर चालत होता. अपरिवर्तनीय बदल. जे झालं ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही तो बदल. उदाहरण, माझ्या बाबांची चार बोटं तुटली. कारण, घरी लाकूड फोडताना बाबांचं लक्ष नव्हतं.

तिनं पुठ्ठा बाईंपुढं धरला. "कारण बरोबर आहे का, बाई?"

पुठ्ठ्यात एकही चूक नव्हती. वेलांट्यासुद्धा बरोबर होत्या. जागच्या जागी अर्थ होता, उदाहरण होतं, कारण होतं. बाईंनी टाचणीच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं राग नव्हता, रडू नव्हतं. बरोबर की चूक, एवढंच तिला हवं होतं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

जुना पुठ्ठा काढून नवा त्यांनी स्वतःच्या हातानं लावला. शुक्रवारी माणूस आला, गठ्ठा ठेवला, फोटो काढून गेला. एक तारखेला टाचणीचे बाबा गेटवर उभे राहिले, उजवा हात खिशात घालून. येताजाताना ते बाईंना डाव्या हातानं नमस्कार करायचे. बाई खाली बघून भराभर पुढं जायच्या.

टाचणी नापास झाली नाही. उलट ती झपाट्यानं पुढं गेली. वर्ष संपेपर्यंत तिचे अकरा पुठ्ठे झाले. संप्लवनाला कापूर, विघटनाला पालापाचोळा, घर्षणाला सायकलचा ब्रेक. सगळे पुस्तकातले आणि सगळे बरोबर. नियमानं ते परत करायला हवे होते. बाईंनी एकही परत केला नाही. वार्षिक तपासणीला बाहेरचे साहेब आले, त्यांनी टाचणीला सहा प्रश्न विचारले आणि सहाही उत्तरं ऐकून मुख्याध्यापकांना म्हणाले, ही मुलगी पुढं जाणार. मुख्याध्यापकांनी बाईंचं अभिनंदन केलं. बाई आभार मानायला विसरल्या.

शेवटच्या आठवड्यात उजळणी चालू होती. बाहेर ऊन तापलं होतं, कारखान्यातली धपधप नेहमीसारखी चालू होती. बदलांचा धडा आला. बाई तो गाळणारच होत्या, पण टाचणीचा हात आधीच वर होता. ती उभी राहिली आणि एका दमात सगळं म्हणाली. व्याख्या, प्रकार, फरकाचे चार मुद्दे. उदाहरण, जळालेला कागद.

बाईंना राहवलं नाही. कशासाठी विचारलं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "घरचं एखादं सांगतेस, बाळा?"

टाचणीनं आधी दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग ती बाईंकडं बघून, स्पष्ट आणि शुद्ध शब्दांत म्हणाली, "आमच्या घरी काही होत नाही, बाई."